हाताला काम, शेजारी माणूस

लातूरच्या ट्यूशन एरियात सकाळचे क्लास भरले की रस्ता एकदम रिकामा होतो. पाठीवर जड सॅक घेतलेली पोरं आत गडप होतात, टपरीवाला ग्लास विसळायला घेतो आणि वरच्या मजल्यांवरच्या गॅलऱ्यांत बायका दिसायला लागतात. कुणी चादर झटकतेय, कुणी मेथी निवडतेय, कुणी नुसतीच कठड्याला टेकून उभी. यातल्या बहुतेक जणी लातूरच्या नाहीत. मुखेड, देगलूर, कंधार, अहमदपूर, गंगाखेड, पार हिंगोलीकडच्या. लेकराची अकरावी-बारावी आणि ‘नीट’ होईपर्यंत त्या इथं ‘रूम करून’ राहतात. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी घडवलेल्या ‘लातूर पॅटर्न’वर आजवर रकानेच्या रकाने छापून आले, गुणवंतांच्या फोटोंनी चौक झाकले. या आया त्या फोटोंत नसतात.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘आनंद’ हा विषय काढला आणि माझ्या वाट्याला एकट्या माणसांचा आनंद आला. त्यासाठी नांदेड आणि लातूर मी मुद्दाम निवडलं. मराठवाड्यात एकटेपणा हा पुण्या-मुंबईचा आजार समजला जातो. ‘आमच्याकडं दाराला कडीच नसते’ असं छाती काढून सांगणारे गावोगाव भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल मात्र वेगळंच सांगतो. जगात दर सहा माणसांमागं एकाला एकटेपणा छळतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण सुमारे ११ टक्के आहे, तर गरीब देशांत सुमारे २४. एकट्या पडलेल्या माणसाला नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा दुप्पट असते, हेही त्यातच आहे. दाराला कडी असण्या-नसण्याशी याचा फारसा संबंध दिसत नाही.

मुखेडकडची एक आई गॅलरीतून खाली येऊन माझ्याशी बोलत बसली. नवरा शिक्षक, घरी कुणाचा त्रास नाही, पैशाची फार ओढ नाही. “पोरगं सकाळी जातंय ते राती येतंय. आलं की पुस्तकात. मधी मी भिंतीशी बोलू का?” भाऊ भेटायला आला तेव्हा म्हणाला, अगं, जरा बागेत जा, हिंड, फीर. ती गेली. “तिथं जोड्या, लेकरं, आज्या. सगळे आपापल्यात. मला तर जास्तच करमंना झालं. निघूनच आले.”

बाग चांगली होती, हवा चांगली होती, तिलाही चार घटका बऱ्या जाव्यात असं वाटत होतं. तरी ती आधीपेक्षा वाईट मन घेऊन परतली. ‘मन रमव’ हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त सल्ला आहे. तो असा उलटतो कामून, याचा माग काढत मी दोन्ही जिल्ह्यांत हिंडले.

चांगलं घडलं, पण लागलं नाही

१९७० च्या दशकात ओरेगॉन विद्यापीठातल्या पीटर लेविन्सन या मानसशास्त्रज्ञानं साधी गोष्ट मांडली. खचलेला माणूस हिंडणं-फिरणं, भेटणं कमी करतो. ते कमी झालं की चांगलं काही वाट्याला येणंही घटतं, आणि ते घटलं की मन आणखी खचतं. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं ३२० सुखद घटनांची यादीच केली. प्रत्येक घटनेपुढं दोन प्रश्न होते : गेल्या महिन्यात हे किती वेळा घडलं, आणि त्यात किती बरं वाटलं? मला यातला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. मुखेडच्या बाईच्या बाबतीत घटना घडली होती. बरं वाटणं तेवढं राहून गेलं.

ते का राहतं याचा एक धागा शिकागो विद्यापीठात सापडतो. जॉन कॅसिओपो यांनी हयात एकटेपणाच्या अभ्यासात घालवली. २००९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काही जणांना मेंदूच्या स्कॅनिंग यंत्रात झोपवून चित्रं दाखवली. काही छान वस्तूंची, काही आनंदी माणसांची. एकटेपणा फारसा न जाणवणाऱ्यांच्या मेंदूतला सुखाशी जोडलेला भाग माणसांची चित्रं बघून जास्त जागा झाला. एकट्या पडलेल्यांच्या बाबतीत माणसांच्या चित्रांना तेवढी दाद मिळाली नाही. कॅसिओपोंचं म्हणणं असं की एकटं पडलेलं मन स्वतःच्या बचावासाठी सावध होतं. समोरच्याच्या चेहऱ्यावर ते आधी नकार शोधतं. हसणारं माणूस दिसलं तरी ‘हे माझ्यासाठी नाही’ अशी नोंद आत होऊन जाते.

एकटेपणा घालवण्याच्या निरनिराळ्या उपायांच्या चाचण्या एकत्र तपासून २०११ साली याच गटानं आणखी एक निष्कर्ष काढला. माणसांना नुसतं एकत्र आणण्याचा परिणाम तोकडा होता. लोकांकडं बघण्याची ती संशयी, धास्तावलेली नजर बदलायला मदत करणारे उपाय जास्त लागू पडले. आपल्याकडची ज्येष्ठांची संमेलनं, मेळावे, सहली, हारतुरे आठवून बघा. माणूस गर्दीत नेऊन बसवलं की काम झालं, असं आयोजकांना वाटतं. नजर बदलायची कशी, हा प्रश्न कुणी घेत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडं त्याचं एक उत्तर असतं. मला नांदेडात जे दिसलं ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येणारं नव्हतं.

जोडाघर

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबला रोज हजारोंच्या पंगती उठतात. १७०८ साली गुरू गोविंदसिंघजींनी इथंच देह ठेवला, ग्रंथसाहिबाला गुरुपद इथंच दिलं, म्हणून पंजाबातून, दिल्लीतून, परदेशातून माणूस येत राहतो. मी लंगरच्या मागच्या बाजूला गेले. लसणाचे ढीग, कांद्याची पोती, कणकेचे मोठाले गोळे. पाटावर प्रशादे, म्हणजे पोळ्या, लाटायला बसलेल्यांत पंजाबी आज्या होत्या, नांदेडच्या दखनी शीख घरांतल्या सुना होत्या, कपाळभर कुंकू लावलेल्या दोन लमाणी बायका होत्या. एकमेकींची भाषा अर्धीमुर्धी. कुणाचं लाटणं थांबलं की शेजारची काही न बोलता पुढचा गोळा सरकवायची.

मला हवा असलेला माणूस मात्र जोडाघरात, म्हणजे भाविकांचे जोडे सांभाळतात तिथं, भेटला. उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर ज्यांचं तरुणपण गेलं अशा पिढीतले हे काका. मिल बंद पडली, पुढं किरकोळ नोकऱ्या केल्या, मग बायको गेली. मुलगा हैदराबादेत. जेवणाचे हाल म्हणून ते लंगरात यायला लागले. जेवायचे आणि जायचे. “त्यानं पोट भरायचं. पण घरी गेलं की तसंच.” एकदा जोड्यांची रांग लांबली होती, आतल्या सेवेकऱ्यानं हाक मारून म्हटलं, काका, जरा हे बिल्ले धरता का? तेव्हापासून ते आत आहेत.

“इथं कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम न्हाई,” ते म्हणाले. “जोडा घ्यायचा, पुसायचा, बिल्ला द्यायचा. कोणी विचारत न्हाई की बाबा, तू एकटा कामून आलास.”

कॅसिओपोंनी यंत्रात पाहिलं ते काकांनी जोड्यांच्या फडताळापाशी ओळखलं होतं. धास्तावलेल्या मनाला समोरासमोर बसवून ‘बोला, मन मोकळं करा’ म्हटलं की ते आणखी आखडतं. खांद्याला खांदा लावून एखादं काम दिलं की नजर कामावर राहते, चेहऱ्यांची छाननी थांबते. शेजारचा माणूस त्या कामाच्या आडून हळूहळू ओळखीचा होत जातो. काकांना शेजारच्या सेवेकऱ्याचं पूर्ण नाव कळायला बरेच महिने लागले. त्याच्या गुडघेदुखीची खबर मात्र आधीपासून होती.

नांदेडच्या लंगर साहिब गुरुद्वाऱ्याची कथाही अशीच आहे. संत बाबा निधानसिंघजी पंजाबातून इथं आले, सेवा केली, आणि एका टप्प्यावर मन उचटून परत जायला नांदेडच्या रेल्वे स्टेशनावर येऊन बसले. तिथं त्यांना गुरूंचं दर्शन झालं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालण्याची आज्ञा झाली, अशी श्रद्धा आहे. ते थांबले आणि लंगर सुरू झाला. दर्शनाची गोष्ट भाविकांनी भाविकांसारखी घ्यावी. मला त्यातलं एवढंच दिसतं की निघालेल्या माणसाला तिथं कुणी समजावत बसलं नाही. त्याला काम दिलं गेलं.

दिवाळीच्या सुमारास इथं तख्तस्नान असतं. गोदावरीचं पाणी घागरींतून आणून तख्त आणि सारा परिसर धुतला जातो. तेव्हा कुणाची घागर कुणाच्या हातात हे विचारायला उसंत नसते. पण सगळं काही असं भारावलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी हौशी सेवेकऱ्यांचे थवे येतात, फोटो निघतात, चार लसूण सोलले जातात. “त्यांची सेवा आम्हालाच निस्तरावी लागते,” असं प्रशाद्यांच्या पाटावरची एक आजी वैतागून म्हणाली. तिचा वैताग मला फार आवडला. आपल्या कामाची एवढी मालकी वाटणारं माणूस एकटं उरलेलं नसतं.

रात्री दोनचा पहारा

लंगर नांदेडात आहे, गावोगाव नाही. पण अखंड हरिनाम सप्ताह गावोगाव आहे. पहाटेचा काकडा, दिवसा गाथाभजन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काला आणि महाप्रसाद. कीर्तनकाराच्या मानधनावर बरंच लिहून-बोलून झालं. मला त्यातली वीणा महत्त्वाची वाटते. सप्ताहभर वीणा खाली टेकवायची नसते. दिवसरात्र ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते आणि त्यासाठी पहारे लावलेले असतात. लोहा तालुक्यातल्या एका मंदिराच्या भिंतीवर मला पहारेकऱ्यांची यादी चिकटवलेली दिसली. रात्री दोनच्या पुढचे पहारे झाडून म्हाताऱ्यांकडं.

“तशीबी झोप कुठं येती?” यादीतल्या एका आबांनी सांगितलं. पोरं दसरा झाला की उसाच्या फडावर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला येतात. घरात आबा आणि एक शेळी. एरवी रात्री दोनला जाग येणं म्हणजे छताकडं बघत पडणं. सप्ताहात त्याच जागेपणाला किंमत येते. आबा वेळेवर आले नाहीत तर आधीचा पहारेकरी अडकून पडतो, म्हणून कुणीतरी दार वाजवायला येतंच. आपण गेलो नाही तर अडतं, ही जाणीव वयाबरोबर झपाट्यानं आटते. सप्ताह ती घड्याळ लावून परत देतो.

गाण्याचा वाटाही आहेच. ऑक्सफर्डमधल्या रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी प्रौढांच्या काही वर्गांची पाहणी केली होती. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. २०१५ साली छापलेल्या त्यांच्या निबंधानुसार गाणाऱ्यांची गट्टी लवकर जमली. पण सात महिन्यांनी बघितलं तर बाकीचे वर्गही तेवढेच जवळ आलेले होते. सुरांनी सुरुवात सोपी होते, पुढची मजल नियमानं भेटत राहण्यानं गाठली जाते. म्हणूनच सप्ताह उठल्यावर जे गाव रोजचा हरिपाठ चालू ठेवतं, त्या गावातल्या आबांचं बरं चालतं. जिथं मांडव सुटला की देवळाला कुलूप लागतं, तिथं ती सात दिवसांची चंगळ उरते. काल्यानंतरचे दिवस तर जास्त जड जातात, असं मला एकाहून अधिक गावांत ऐकायला मिळालं.

वीणा कुणाच्या गळ्यात पडते हेही बघावं. मी पाहिलेल्या याद्यांत बाईचं नाव नव्हतं.

रुंद रस्त्यांची गावं

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपलेली, आणि पहाटे चारच्या आत किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपानं जमीनदोस्त झाला. रुंद दगडी भिंती आणि वरचं जड माळवद माणसांवर कोसळलं. हजारो गेले. त्यानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घरं मजबूत झाली, यात वाद नाही. पण जमीनधारणेप्रमाणं अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरं वाटली, म्हणून जुनी आळी मोडली. भावकी पांगली. जुन्या गावात ओसरीवरून ओसरीवर हाक जायची. नव्या गावात नगररचनेच्या नकाशाबरहुकूम रुंद रस्ते आहेत आणि समोरचं घर हाकेपलीकडं.

औसा तालुक्यातल्या अशाच एका वसाहतीत दुपारी फिरताना पाय भाजत होते. सावली नाही, म्हणून रस्त्यावर माणूस नाही. एक आजी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. भूकंपात घरातली माणसं गेली तेव्हा त्या तिशीत होत्या. त्यांना मी दुःखाबद्दल विचारलं नाही, बरे दिवस कोणते ते विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मिटिंगाचे.”

भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं होतं. दुरुस्ती कशी करायची, सिमेंट किती, पैसा आला की नाही, हे गावाला समजावून सांगणं आणि सरकारी माणसाला जाब विचारणं हे त्यांचं काम. पुढं यातूनच बचत गट आणि उद्योग उभे राहिले. आजी अशा बैठकांना जायच्या. “डोळ्याला पदर लावून कुठवर बसावं? तिथं हिशोब लिवायचा असायचा.” सही करायला त्या तिथंच शिकल्या.

भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं करवून घेतला, डॉ. मोहन आगाशे त्याचे प्रमुख होते. म्हणजे मनाकडं कुणी बघितलंच नाही असं नाही. पण घराचा नकाशा काढणाऱ्यानं ओसरी धरली नाही, आणि ओसरी हेही मानसिक आरोग्याचं साधन आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही. आजींचा गट पुढं मोडला. कर्जाच्या हप्त्यावरून भांडण झालं. आता समाजमंदिराला कुलूप असतं. किल्ली कुणाकडं, असं विचारल्यावर तिघांनी तीन नावं सांगितली.

ओटी कुणाची

आनंदाच्या जागा आपल्याकडं कमी नाहीत. त्यांच्या दाराशी पहारा आहे, आणि ज्यांना त्या सगळ्यात जास्त लागतात त्यांनाच तो अडवतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लोगल्ली हळदीकुंकू. नटणं, हसणं, तिळगूळ, वाण. याच दिवसांत विधवा बाई घरातली कामं उकरून काढते. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मागं राहिलेल्या बाया या दोन्ही जिल्ह्यांत किती आहेत हे सांगायला नको. त्यांच्यासाठी अनुदानाचा अर्ज आहे, शिलाई मशीन आहे, नेत्यांच्या भेटी आहेत. वाण नाही.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. त्यानंतर मराठवाड्यातही सगळ्या बायकांना बोलावून हळदीकुंकू करण्याचे कार्यक्रम व्हायला लागले. मला त्यातला एक प्रकार खटकतो. व्यासपीठावर विधवांची वेगळी रांग, पाहुण्यांच्या हस्ते कुंकू, कॅमेरा. कंधार तालुक्यातली एक बाई अशा कार्यक्रमाला जाऊन आली होती. म्हणाली, “कुंकू लावलं, बरं वाटलं. पण सगळे माझ्याच तोंडाकडं बघूलाले.” पुढच्या संक्रांतीला तिच्या बचत गटानं वाणाची खरेदी तिच्याकडं दिली. ती नांदेडला जाऊन घासाघीस करून स्टीलचे डबे घेऊन आली. त्याबद्दल ती अर्धा तास बोलली. दुकानदारानं आधी सांगितलेला भाव, मग तिनं पाडलेला भाव, टेम्पोचं भाडं. कुंकवाचा विषय परत निघाला नाही.

येळवस

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर शहर बंद पडतं. संप नसतो, जमावबंदी नसते. सगळं गाव शेतात गेलेलं असतं. लातूर, धाराशिव आणि लगतच्या पट्ट्यात ही वेळा अमावास्या, म्हणजे इथल्या बोलीत येळवस, दिवाळीइतकीच मोठी. ज्वारी कमरेला आलेली, हरभरा घाटे धरायच्या बेतात. कडब्याची कोप उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि जेवायचं. मिळतील त्या शेंगभाज्या, पालेभाज्या, हरभऱ्याचे सोलाणे घालून रटरट शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातलं आंबील. भज्जीची भाजी निवडणं आदल्या रात्री चालतं आणि त्याला घरातलं कुणीही सुटत नाही.

येळवशीची खरी मेख आमंत्रणात आहे. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. निलंग्याकडं एका शेतात मला बदलीवर आलेला, एकटा राहणारा तिशीतला बँक कर्मचारी भेटला. आदल्या खेपेला त्याला चहावाल्यानं ओढून आणलं होतं. तेव्हा तो पाहुण्यासारखा सतरंजीवर बसला, भरपूर जेवला आणि खोलीवर जाऊन झोपला. यंदा त्याच्याकडं पांडवांना चुना लावायचं काम आलं होतं. त्यानं ते फार वाईट केलं होतं आणि त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल चालली होती. तो लाजत, हसत, बोटांचा चुना पुसत बसला होता. माणसाची टिंगल होऊ लागली की तो पाहुणा उरत नाही.

शिकागोच्या लोयोला विद्यापीठातले फ्रेड ब्रायंट यांनी आनंद मुरवून घेण्याचा अभ्यास केला. त्यांच्या मते माणूस चांगल्या क्षणाचा स्वाद तीनदा घेतो. आधी वाट बघताना, मग प्रत्यक्ष, आणि नंतर आठवताना. येळवशीला भाजी निवडण्यात वाट बघणं होतं, आणि वाईट रंगवलेले पांडव पुढं वर्षभर आठवायला पुरतात. मुखेडच्या बाईच्या बागेतल्या फेरीत यातलं पहिलंही नव्हतं आणि तिसरंही.

ट्यूशन एरियातल्या त्या इमारतीत मी परत गेले तेव्हा मुखेडच्या बाईंनी मला बसायला वेळ दिला नाही. गॅस महाग म्हणून चार खोल्यांनी पोळ्यांची पाळी लावली होती. एकीनं कणीक, एकीनं लाटणं, एकीनं भाजणं. चौथीला सुट्टी. “सुट्टीवालीबी येऊन बसती,” त्या म्हणाल्या. “घरी काय करावं तिनं?” करमतंय का, हे मी विचारलं नाही. त्या देगलूरवालीच्या पोळ्या कशा जाड होतात ते सांगत होत्या.

आशाताईच्या वहीत

हे सगळं वाचून लंगर आणि भज्जी हाच इलाज, असं कुणी धरू नये. दोन आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, मरणाचे विचार येतात, असं असेल तर डॉक्टर हवा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा फुकट क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालतो, त्यावर मराठीत बोलता येतं. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प आहे. आशाताई घरोघर जाऊन खचलेलं माणूस हेरतात आणि पुढं पाठवतात. हेरण्यानंही फरक पडतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातल्याच माणसांना शिकवून असं काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

हेरल्यावर पुढं काय, याचा धडा शेजारच्या गोव्यात आहे. तिथं ‘संगत’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रम चालवला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. गाभा लेविन्सनचाच : पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. अगदी लहान, जमेल असं, आणि पुढच्या वेळी त्याची विचारपूस करायची. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांतले ३९ टक्के. हे बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्याचे रुग्ण होते, नुसते एकटे नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवं.

लातूर जिल्ह्यातल्या एका आशाताईंबरोबर मी त्यांच्या गावात फिरले. लॅन्सेट त्यांनी ऐकलेलं नाही. एका आबांच्या दारात त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, “आबा, शुक्रवारी लसीकरण हाय. अंगणवाडीपुढं सतरंज्या टाकायला कोणी न्हाई. धा वाजता या.” आबा कुरकुरले. पाठ दुखते म्हणाले. “मागल्या बारीला आलताव की,” असं म्हणून ताई पुढं निघाल्या.

आशांना कामागणिक मोबदला मिळतो. लसीकरणाचा आहे, बाळंतपणाचा आहे, क्षयरोगाच्या गोळ्यांचा आहे. आबांच्या दारात घालवलेल्या वेळाचा नाही. मग ही भेट वहीत कशात दाखवता, असं मी विचारलं.

“बीपी-शुगरच्या सर्व्हेत धरते,” ताई म्हणाल्या. “आबाला दोनीबी हायेत.”